आधी तुकडा, मग इलाज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

त्वचेच्या कर्करोगावर कोणकोणते उपचार आहेत याची ओळख करून देणारा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. शस्त्रक्रिया, गोठवणे, मलम, प्रकाशोपचार, किरणोपचार, इम्युनोथेरपी (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारी औषधे) अशी त्यात यादी आहे आणि यादीत चूक काढावी असे काही नाही. खटकला तो मांडणीचा सूर. टाके नको असतील तर मलम लावा, मलमाचा कंटाळा असेल तर नायट्रोजनने गोठवून घ्या, अशा थाटात ते लिहिले आहे. जणू रुग्णाने आपल्याला सोसवेल ते उचलावे! प्रत्यक्षात निवड होते ती बायोप्सीच्या, म्हणजे तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टवरून. त्या कागदावरचे तीन-चार शब्द आणि एक-दोन आकडे यांच्यावर सगळे ठरते, आणि लेखात बायोप्सीला एक ओळ मिळाली आहे. आमच्यापैकी एकाचे काम शस्त्रक्रियेचे आणि दुसरीचे सूक्ष्मदर्शकाचे, म्हणून या राहून गेलेल्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे संशयास्पद डाग, तीळ किंवा चामखिळीसारखी वाढ तपासणीशिवाय जाळू नये, लेझरने उडवू नये, गोठवूही नये. जळालेल्या पेशी तपासता येत नाहीत. वरची कातडी भरून येते, खाली आजार पसरत राहतो आणि काही महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा मधल्या व्रणामुळे मूळ कडा कुठवर होत्या हे कोणालाच सांगता येत नाही. तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, असेल तर त्याची जाडी कायमची हातची जाते, आणि पुढचा सगळा हिशोब त्या जाडीवर असतो. दिसायला क्षुल्लक म्हणून काट्याचा नायटा होतो तो असा.

तुकडा कसा आणि कुठून घेतला यालाही तेवढेच महत्त्व आहे. साध्या भुलेच्या इंजेक्शनवर, दहा-पंधरा मिनिटांत होणारे हे काम. पंच बायोप्सीत ३ किंवा ४ मिमी व्यासाच्या गोल पात्याने त्वचेची पूर्ण जाडी निघते. शेव्ह बायोप्सीत वाढ वरच्या वर तासून काढतात. उंचवट्याच्या गाठीला ती पुरते, पण फार वरवर घेतली तर गाठीचा तळ आतच राहतो आणि ती किती खोल गेली होती हे रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. व्रण पडलेल्या गाठीच्या मधोमध पंच मारला तर हाती येतात फक्त मेलेल्या पेशी आणि पू, मग रिपोर्टवर ‘निदान होऊ शकले नाही’ असे येते आणि रुग्णाला वाटते की काही निघाले नाही. तुकडा काठाजवळच्या जिवंत भागातून, पुरेशा खोलीने घ्यायला हवा. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडला पाहिजे, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवे. सलाइनमध्ये किंवा पाण्यात ठेवलेला तुकडा सडतो. सोबतच्या फॉर्मवर जागा, आकार, किती दिवसांपासून आहे, आधी काही लावले किंवा जाळले होते का, हे लिहिलेले नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अर्धी पट्टी बांधल्यासारखे होते.

मेलॅनोमाची शंका असेल तर नियम बदलतो. शक्य असेल तेथे संपूर्ण डाग, भोवती १ ते ३ मिमी निरोगी त्वचा ठेवून, खालच्या चरबीपर्यंत काढायचा. येथे ‘जास्त काढले तर बरेच’ हा विचार अंगलट येतो. आधीच मोठा काप घेतला तर त्या भागातील लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तुटतात, आणि नंतर हा द्रव जेथे आधी पोचतो ती पहिली लसिकाग्रंथी शोधायची तपासणी दिशा चुकते. हातापायांवर काप अवयवाच्या लांबीच्या दिशेने घ्यायचा, म्हणजे पुढची शस्त्रक्रिया सोपी जाते.

आता रिपोर्टकडे येऊ. त्यावर बहुतेक वेळा तीनांपैकी एक नाव असते. बेसल सेल कार्सिनोमा सर्वांत सामान्य. तो सावकाश वाढतो, शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाक, पापणी, कान कुरतडत जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा लसिकाग्रंथींत जाऊ शकतो. मेलॅनोमा संख्येने कमी, पण सर्वांत धोक्याचा. केवळ नाव वाचून थांबू नये, खरे काम पुढच्या शब्दात असते. बेसल सेलपुढे ‘सुपरफिशियल’ असेल तर आजार त्वचेच्या वरच्या थरात आहे आणि मलमाचा विचार करता येतो. ‘नोड्युलर’ असेल तर गाठ ठसठशीत आहे, काप घेऊन ती निघते. ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’, ‘मॉर्फिफॉर्म’ किंवा ‘मायक्रोनोड्युलर’ असेल तर सावध व्हावे. या गाठींची मुळे निरोगी दिसणाऱ्या त्वचेखाली बारीक धाग्यांसारखी दूरवर गेलेली असतात आणि डोळ्यांना दिसणारी कड ही खरी कड नसते. ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’, म्हणजे मज्जातंतूच्या कडेने शिरकाव, हे दोन शब्द असतील तर उपचार एक पायरी वर जातात. गाठीच्या जागेत मुंग्या, बधिरपणा किंवा दुखणे असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रिपोर्ट लिहिणाऱ्याला त्या लक्षणाचा उपयोग होतो.

जागा आणि आकार हे आणखी दोन घटक. डोळे, नाक, ओठ, कान आणि त्यांच्या आसपासचा भाग हा जोखमीचा पट्टा मानला जातो. तेथे गाठ परत येण्याचे प्रमाण जास्त असते आणि वाया घालवायला त्वचाही नसते. पाठीवरची १ सेंमीची नोड्युलर गाठ आणि नाकपुडीच्या खाचेतली तेवढीच गाठ, दोन्हींचे नाव एक असले तरी इलाज एक नव्हे.

साधी शस्त्रक्रिया म्हणजे गाठ भोवतालच्या निरोगी त्वचेच्या कडेसह काढणे. स्पष्ट कडा असलेल्या, २ सेंमीपेक्षा लहान बेसल सेल गाठीला ४ मिमी कड पुरते. अशा शंभरातल्या सुमारे ९५ गाठी एवढ्यात पूर्ण निघतात. कमी जोखमीच्या स्क्वॅमस सेलला ४ ते ६ मिमी, जोखीम वाढली की त्याहून जास्त. शल्यविशारद काप घेण्यापूर्वी पेनने दोन रेघा आखतो, एक गाठीभोवती आणि दुसरी कडेची. भूल दिल्यावर त्वचा फुगते आणि कडा पुसट होतात, म्हणून आखणी इंजेक्शनच्या आधी. काढलेल्या भागाच्या एका टोकाला दोरा बांधून ‘बारा वाजता’ कोणती बाजू होती ते कळवतात. हा दोरा नसेल आणि रिपोर्टमध्ये ‘एक काठ बाधित’ असे आले, तर पुन्हा कुठे काप घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो आणि मग चारही बाजूंनी घ्यावा लागतो.

‘मार्जिन फ्री’, म्हणजे काठ गाठीपासून मोकळे, हे शब्द वाचून रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो. ते शब्द कसे लिहिले जातात हे ठाऊक असलेले बरे. प्रयोगशाळेत तुकड्याच्या कडांना शाई लावतात, पावासारखे त्याचे उभे काप करतात आणि त्यांतून काही हजारांश मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काचपट्टीवर घेतात. दोन कापांमधला भाग कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात काठाचा एक टक्काही डोळ्यांखालून जात नाही. ही शितावरून भाताची परीक्षा झाली. सगळीकडे सारख्या पसरलेल्या गाठीला ती चालते, पण धाग्यासारखे मूळ नेमके दोन कापांच्या मधून निसटू शकते. आणखी एक गोष्ट. फॉर्मॅलिनमध्ये त्वचा आकसते. शल्यविशारदाने ४ मिमी मोजून घेतलेली कड रिपोर्टमध्ये ३ मिमी किंवा त्याहून कमी भरते. त्यात डॉक्टरांची चूक नसते आणि घाबरण्याचेही कारण नसते. मात्र ‘काठ बाधित’ असे असेल, विशेषतः खालचा काठ, तर ‘बघू, परत आली तर काढू’ म्हणून वेळ मारून नेऊ नये. अशा सगळ्याच बेसल सेल गाठी परत येत नाहीत हे खरे. पण चेहऱ्यावरची आणि मुळे पसरणारी जात असेल तर ती परत येते तेव्हा खोल गेलेली असते.

या त्रुटीवरचा इलाज म्हणजे मोह्ज शस्त्रक्रिया. फ्रेडरिक मोह्ज यांनी ती १९३०च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विकसित केली. दिसणारी गाठ आधी खरवडून काढतात. मग पाते सुमारे ४५ अंशांत तिरके धरून खालचा पातळ, बशीच्या आकाराचा थर काढतात. त्या थरावर आणि जखमेच्या काठावर जुळत्या खुणा करतात, थराचे भाग करून प्रत्येक कडेला वेगळी शाई लावतात आणि कागदावर नकाशा काढतात. थर उलटा दाबून सपाट करतात, म्हणजे बाजूचा काठ आणि तळ एकाच पातळीत येतात. गोठवून त्याचे आडवे काप घेतले की संपूर्ण काठ सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. कुठे गाठ उरली असेल तर नकाशात तेवढ्याच कोपऱ्याला खूण होते आणि फक्त तेथूनच पुढचा थर काढतात. रुग्ण मलमपट्टी करून बाहेर बसलेला असतो. एका थराला तासभर किंवा थोडे जास्त लागते, काहींना एक थर पुरतो, काहींना तीन-चार. चेहऱ्यावरच्या बेसल सेल गाठींची साधी शस्त्रक्रिया आणि मोह्ज यांची नेदरलँड्समध्ये तुलना झाली. दहा वर्षांत पहिल्यांदाच झालेली गाठ परत येण्याचे प्रमाण मोह्जनंतर ४.४ टक्के, तर साध्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के होते. आधी एकदा परत आलेल्या गाठींत ते ३.९ विरुद्ध १३.५ टक्के निघाले.

मोह्ज यांच्या मूळ पद्धतीत झिंक क्लोराइडचा लेप लावून ऊती शरीरावरच घट्ट करत. हा इतिहास सांगून आजही झिंक क्लोराइडचे ‘काळे मलम’ विकले जाते. त्यांच्या पद्धतीतला इलाज होता प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. नुसता लेप वरची कातडी जाळून खपली पाडतो, खपलीखाली गाठ वाढत असते.

मोह्जची सोय नसेल तरी हात बांधले गेले असे नाही. गाठ काढून जखम तात्पुरती झाकून ठेवायची, काठांचा रिपोर्ट हाती आला की मग ती बंद करायची. मोठी जखम झाकायला शेजारची त्वचा सरकवून लावतात, तिला फ्लॅप म्हणतात. काठ मोकळे आहेत की नाही हे कळण्याआधी फ्लॅप फिरवला तर सगळी कडा जागची हलते, आणि उरलेली गाठ नव्या त्वचेखाली पुरली जाते. चार-आठ दिवस पट्टी सांभाळण्याचा त्रास पत्करण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्वचेवरचा रक्तस्राव दाबून थांबतो, बंद केलेल्या गोळीने आलेला झटका थांबत नाही. टाके चेहऱ्यावर ५ ते ७ दिवसांनी, धडावर आणि पायांवर १० ते १४ दिवसांनी निघतात. तोवर जखम कोरडी पाडून खपली धरू देण्यापेक्षा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून झाकलेली बरी.

काप न घेता करण्याच्या उपचारांबद्दल लेखात उत्साहाने लिहिले आहे. त्यांना जागा आहे, पण ती ठरलेली आहे. खरवडून जाळणे, म्हणजे क्युरेटेज आणि कॉटरी, धडावरच्या किंवा हातापायांवरच्या लहान, वरवरच्या गाठींना चालते. गाठ भुसभुशीत असते आणि खालची निरोगी त्वचा चिवट, हा फरक क्युरेटच्या, म्हणजे खरवडायच्या धारदार हत्याराच्या, टोकाला हातात कळतो. खरवडायचे, जाळायचे, असे सहसा तीन वेळा. दाढी, डोके, काख अशा केसाळ जागी हे करू नये, कारण केसांच्या मुळांबरोबर गाठ खाली गेलेली असते. खरवडताना चरबी लागली तर तेथेच थांबून रीतसर काप घ्यायचा. चरबी मऊ असल्याने क्युरेटला तेथे काही ‘कळत’ नाही.

मलमे दोन. ५ टक्के इमिक्विमोड सुपरफिशियल बेसल सेलवर आठवड्यातून ५ रात्री, ६ आठवडे लावतात आणि सकाळी धुऊन टाकतात. डागाबाहेरची बोटभर नव्हे, सुमारे १ सेंमी त्वचाही त्यात धरायची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा लालबुंद होते, पाझरते, खपल्या धरते. नेमके याच वेळी ‘ॲलर्जी झाली’ म्हणून मलम सोडले जाते. ही प्रतिक्रिया म्हणजेच औषध काम करत असल्याची खूण. फार झाली तर डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवस थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. काहींना तापासारखी कणकण येते. दुसरे मलम ५ टक्के फ्लुरोयुरासिल, दिवसातून दोनदा, काही आठवडे. प्रकाशोपचारात संवेदनशील करणारे मलम तीन तास झाकून ठेवतात आणि नंतर तांबडा प्रकाश सोडतात. एक आठवड्याने पुन्हा. प्रकाशाच्या वेळी चांगलेच चुरचुरते. सुपरफिशियल बेसल सेलमध्ये या तिघांची तुलना झाली, तेव्हा पाच वर्षांनी आजारमुक्त असलेले इमिक्विमोडचे ८०.५, फ्लुरोयुरासिलचे ७० आणि प्रकाशोपचाराचे ६२.७ टक्के रुग्ण होते. शस्त्रक्रियेचा आकडा याहून वर असतो, हे सांगून मग रुग्णाला निवडू द्यावे. नोड्युलर किंवा मुळे पसरलेल्या गाठीवर मलम म्हणजे वरचा पाला छाटणे.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. कर्करोगासाठी गाठीच्या तळाचे तापमान उणे ५० अंशांच्या आसपास न्यावे लागते, दोन वेळा गोठवून मधे पूर्ण वितळू द्यावे लागते. चामखिळीवर दोन-चार सेकंद फवारतात तो प्रकार वेगळा. सावळ्या त्वचेवर मागे पांढरा डाग राहतो, आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काही उरत नाही.

किरणोपचार वयस्क, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांसाठी चांगला पर्याय आहे. पापणीच्या कडेला, नाकावर, जेथे कापल्यास आकार बिघडेल तेथेही विचार होतो. डोस अनेक भेटींत विभागतात. भेटी कमी केल्या तर प्रत्येक वेळचा डोस वाढतो आणि पुढे व्रण जास्त उमटतो. सुरुवातीला दिसणारा सुबकपणा वर्षे जातात तसा कमी होतो, त्वचा पातळ पडते, रंग उडतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. त्यामुळे तरुणांना तो सहसा देत नाहीत. गॉर्लिन सिंड्रोम किंवा झेरोडर्मा पिग्मेंटोसम हे आनुवंशिक आजार असणाऱ्यांना तर टाळायचाच, कारण किरणांच्या क्षेत्रात नव्या गाठी उठतात. मज्जातंतूंत शिरलेल्या किंवा लसिकाग्रंथीत गेलेल्या स्क्वॅमस सेलमध्ये मात्र शस्त्रक्रियेनंतर किरणे देण्याला महत्त्व आहे.

स्क्वॅमस सेलबद्दल लेखात फारच थोडे आहे. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर, ओठावर, कानावर उठणारा हा आजार ‘जुनीच जखम आहे’ म्हणून अंगावर काढला जातो. भरत आलेली जखम पुन्हा उकलली, काठ जाड आणि उचललेले दिसू लागले, वास येऊ लागला, तर काठातून तुकडा घ्यावा. २ सेंमीपेक्षा मोठी, चरबीच्या खाली उतरलेली, मज्जातंतूंत शिरलेली, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णातली गाठ जास्त जोखमीची. अशा वेळी मान, काख, जांघेतल्या गाठी हाताने चाचपून, गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून पाहायच्या. काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या स्क्वॅमस सेलसाठी सेमिप्लिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. वयस्क रुग्णांनाही ते बऱ्यापैकी झेपते. पण प्रत्यारोपण झालेल्यांत तेच औषध बसवलेल्या अवयवावर प्रतिकारशक्ती सोडू शकते. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या बेसल सेलसाठी २०१२ पासून विस्मोडेगिब ही रोजची कॅप्सूल आहे. गाठ आक्रसते, पण पायांत गोळे येतात, चव जाते, केस गळतात, वजन घटते, आणि अनेकजण याच कारणाने ती सोडतात. गर्भाला ती अत्यंत घातक आहे. घेत असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तेवढा काळ गर्भधारणा व रक्तदान दोन्ही टाळायचे असते, ही सूचना पुरुषांनाही लागू आहे.

आता मेलॅनोमा. त्याच्या रिपोर्टवर सर्वांत आधी शोधायचा आकडा म्हणजे ब्रेस्लो जाडी, १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी मांडलेली. त्वचेच्या वरच्या कणीदार थरापासून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंतचे हे अंतर मिलिमीटरच्या दशांशात मोजतात. आजार सर्वांत वरच्या थरातच असेल तर पुन्हा काप घेताना अर्धा ते १ सेंमी कड, जाडी १ मिमीपर्यंत असेल तर १ सेंमी, १ ते २ मिमी असेल तर १ ते २ सेंमी, त्याहून जास्त असेल तर २ सेंमी. यापेक्षा मोठे कापून आयुष्य वाढत नाही, जखम तेवढी वाढते. दुसरा शब्द ‘अल्सरेशन’. पृष्ठभाग फुटलेला असेल तर तेवढ्याच जाडीचा आजार जास्त जोखमीचा ठरतो. जाडी ०.८ मिमीपासून पुढे असेल, किंवा अल्सरेशन असेल, तर सेंटिनेल नोड तपासणीबद्दल डॉक्टरांनी स्वतःहून बोलायला हवे. गाठीच्या जागी किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या लसिकाग्रंथीत पोचतो तेवढीच काढून तपासतात. हे मोठ्या कापाच्या वेळीच करायचे असते, नंतर आठवण होऊन उपयोग नाही. त्या ग्रंथीत सूक्ष्म आजार सापडला तर पूर्वी काखेतल्या किंवा जांघेतल्या सगळ्याच ग्रंथी काढत. त्याने आयुर्मान वाढत नाही असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. आता बहुतेकांना ठरावीक काळाने सोनोग्राफी करून पाहतात आणि हातापायांवरची कायमची सूज वाचते.

सावळ्या त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. आपल्या लेखासोबतची सगळी छायाचित्रे गोऱ्या पाठींची होती, ही तक्रार नोंदवायची आहे. तळपायावरचा काळा डाग भोवरी म्हणून महिनोन्महिने कापला जातो, नखाखालचा मार लागला म्हणून सोडून दिला जातो. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मागे स्वच्छ नख येते. नखाच्या मुळापासून निघणारी काळी पट्टी रुंदावत असेल, मुळाकडे टोकापेक्षा जाड असेल, किंवा रंग नखाभोवतीच्या कातडीवर उतरला असेल तर थांबू नये. येथे तुकडा नखाच्या मुळाकडून, जेथे नख तयार होते तेथून घ्यावा लागतो. नखाचे कापलेले टोक तपासून काही कळत नाही.

पसरलेल्या किंवा जास्त जोखमीच्या मेलॅनोमात औषधांनी खरोखर चित्र बदलले आहे. २०११ पर्यंत डकार्बाझिनसारख्या केमोथेरपीवर भिस्त होती आणि गुण थोड्यांनाच येई. त्या वर्षी इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपी आणि वेमुराफेनिब ही बीआरएएफ जनुकातल्या बदलावरची गोळी आली, २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीचीच आणखी दोन औषधे. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र दिलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. बीआरएएफ जनुकात बदल असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांची जोडी चालते. गुण झपाट्याने येतो, पण बऱ्याच जणांत आजार पुढे दाद देईनासा होतो. त्वचेच्या मेलॅनोमात हा बदल सुमारे निम्म्या रुग्णांत आढळतो, तळपायाच्या प्रकारात बराच कमी. तेथे केआयटी जनुकही तपासावे. तपासणीशिवाय या गोळ्या सुरू करणे म्हणजे अंधारात दगड.

इम्युनोथेरपीला ‘दुष्परिणाम नसलेली’ म्हणणे चूक आहे. केस गळत नाहीत एवढेच. सुटलेली प्रतिकारशक्ती आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड, पिट्युटरी कशावरही उलटू शकते, आणि शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा. दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले तर घरच्या घरी जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेत बसू नये, त्याच दिवशी उपचार करणाऱ्यांना कळवावे. वेळेवर स्टेरॉइड दिले तर बहुतेकदा आटोक्यात येते, उशीर झाला तर आतडे फुटू शकते. नवा कोरडा खोकला, धाप, असह्य डोकेदुखी, विलक्षण थकवा यांनाही हेच लागू. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ‘मला इम्युनोथेरपी चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे.

शेवटी एक अगदी साधी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. प्रयोगशाळेत रुग्णाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याला ब्लॉक म्हणतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, काचपट्ट्या आणि ब्लॉक लागतात. जनुकांची तपासणी वर्षांनंतरही त्याच ब्लॉकवरून करता येते, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. रिपोर्टवरचा प्रयोगशाळेचा क्रमांक जपून ठेवावा, ब्लॉक नेताना पोच द्यावी आणि काम झाल्यावर तो परत जमा करावा. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नये, मेण मऊ पडते.

आपले,
त्वचा-शल्यचिकित्सा आणि विकृतिशास्त्र या शाखांत काम करणारे दोन डॉक्टर
(नावे संपादकांकडे)